एकशे सातवं पान

तुलाराम मारबते दिवसाला चार पानं वाचतो.

सकाळी नदीतून जाळं काढायचं, मासोळी बायकोच्या टोपलीत टाकायची, डोंगा, म्हणजे लहान नाव, काठाला बांधायचा आणि घराच्या ओट्यावर बसायचं. बोट ओळीखाली. ओठ हलतात. चार पानं झाली की जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा खूण म्हणून ठेवतो आणि पुस्तक मिटतो. मी एकदा विचारलं, "काहून गा, इतक्यात थकला?"

"चारच पचते, सोमाजीभाऊ. पाचवं वाचलं का पयलं इसरतो."

मी त्याचा कारधा गावातला शेजारी. चौतीस वर्षं भंडाऱ्याच्या एका राईस मिलमध्ये हमाल होतो. आता पाठ गेली, घरी असतो. तुलारामबद्दल लिहायचं कारण एक पुस्तक आहे. त्या पुस्तकाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या पन्नास लोक न वाचता त्याची तारीफ करतील. हे मी सहा महिने पाहिलं आहे.

तुलाराम चौथी शिकला. पुढे बापानं डोंग्यावर घेतलं. पन्नाशीपर्यंत त्यानं वाचलं ते म्हणजे मासोळी गुंडाळायची रद्दी. बेबीबाई, त्याची बायको, अजून सांगते: "गिऱ्हाईक उभं राहे अन् हा बाप्पा मासोळी ठेवून कागदच वाचे. एका मास्तरीनबाईनं तर म्हटलं, काका, तुमचं होऊ द्या, मी उद्या येते." रद्दीतली बातमी अर्धी असायची, उरलेली दुसऱ्या कुणाच्या मासोळीबरोबर गेलेली. त्याचा त्याला फार त्रास व्हायचा. पूर्ण वाचायला मिळावं म्हणून तो पुस्तकांकडे वळला.

ते पुस्तक त्याला एका रद्दीवाल्यानं दोन बोटऱ्या मासोळ्यांच्या बदल्यात दिलं. आपल्याच भागातल्या, कधीच वारलेल्या एका मास्तरांनी लिहिलेली कादंबरी. एकदाच छापली, परत नाही. नदीवर पूल नव्हता त्या काळातल्या दोन नावाडी भावांची गोष्ट. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. अर्धं पुस्तक ते बोलत नाहीत.

कोरोनाच्या सालच्या पुरात पाणी तुलारामच्या घरात शिरलं. पुस्तक बचावलं, पण मधली सोळा पानं लगदा झाली. शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा. दुसरा कुणी असता तर पुढे वाचत गेला असता. तुलारामनं भंडाऱ्यातल्या एका वाचनालयात दुसरी प्रत शोधली. जुनी म्हणून ती घरी नेऊ देत नव्हते. मग हा वही घेऊन बसला. नऊ सोमवार गेला. सोळा पानं हातानं उतरवून काढली, कागद पुस्तकाच्या मापाचे कापले आणि जाळं विणायच्या सुईनं, जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं पुस्तकात शिवले.

सोळा म्हणालो, पण उतरली चौदाच. वाचनालयाच्या प्रतीतला एक कागद कुणीतरी फाडून नेला होता. पान एकशे सात आणि त्याच्या पाठीवरचं एकशे आठ. त्या जागी तुलारामनं कोरा कागद शिवला आणि वर पेन्सिलीनं लिहिलं: "हे पान भेटलं नाही. ज्याले ठाऊक असन त्यानं इथं लिहावं. तुलाराम मारबते, कारधा."

आता त्या पानाचं काय एवढं, ते सांगतो. एकशे सहाव्या पानावर मोठा भाऊ पुरात झाडाला धरून बसलेला आहे आणि धाकटा नाव घेऊन त्याच्याकडे निघाला आहे. एकशे नवव्या पानावर दोघं एका ताटात जेवत आहेत. मधे काय झालं, कोण आधी बोललं, काय बोललं, ते त्या फाटक्या कागदावर.

तुलारामचा धाकटा भाऊ श्रावण आमच्याच ओळीत, त्याच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. अकरा वर्षांपूर्वी त्यानं न विचारता बापाचा डोंगा नदीत घातला आणि तो जुन्या पुलाच्या खांबावर आपटून फुटला. बापाच्या मरणाचा दोषही त्याच्यावर टाकत तुलाराम चार लोकांत म्हणाला, "बाप खाल्ला, आता त्याचा डोंगाही खाल्ला." तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. लग्नात एका पंगतीत बसतात, वाढणाऱ्याशी बोलतात.

आता हे पुस्तक ज्या खेळात फिरलं त्याकडे येतो.

तुलारामची मुलगी रंजू मोहाडीला दिली आहे. तिनं बापाला फोन घेऊन दिला आणि एका वाचकांच्या ग्रुपात टाकलं. जिल्ह्यातले साठेक लोक. भूपेश सर म्हणून भंडाऱ्यात शिकवणीचे वर्ग घेणारे गृहस्थ तो ग्रुप चालवतात. तिथे एक खेळ चालतो. एक तारखेला भूपेश सर चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव तुमच्या वाट्याला येईल त्याला तुम्ही एक पुस्तक सुचवायचं. त्यानं ते महिन्याभरात वाचून ग्रुपवर दहा ओळी लिहायच्या. वाचणाऱ्याला दहा गुण, सुचवणाऱ्याला पाच; मनानं आणखी वाचलेल्या पुस्तकांचेही दहा-दहा. डिसेंबरात ज्याचे गुण जास्त त्याला शाल आणि 'वाचनवीर' असं लिहिलेली ढाल.

तुलाराम या खेळात कायम शेवटून पहिला. त्याला साडेतीनशे पानांचं पुस्तक आलं की त्याचे तीन महिने जायचे. एक संपायच्या आत आणखी दोन सुचवलेली असायची. उशीर झाला की गुण शून्य. तो दहा ओळी कागदावर लिहून त्याचा फोटो टाकायचा. खाली लोक हसरे चेहरे टाकायचे. "काका, बैलगाडी सोडा, एक्स्प्रेस पकडा!" असं एकानं लिहिलं. त्या एकाची त्या महिन्यात अकरा पुस्तकं झाली होती. तो बँकेत नोकरीला आहे, दोन लहान मुलं आहेत. अकरा पुस्तकं.

पण सुचवायची वेळ आली की तुलाराम दर वेळी तेच पुस्तक सुचवायचा. दुकानात मिळत नाही म्हणून स्वतःची प्रत पाठवायचा. कापडात बांधून, गाठ मारून. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं माहीत नाही. मलाही तसंच वाटलं. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला त्या दोन पानांवरचं पाहिजे होतं. साठ शिकलेले लोक, कुणाच्या तरी घरी असेल, कुणीतरी लहानपणी वाचलं असेल. वाचत वाचत कोऱ्या पानावर आला की त्याला आठवेल आणि तो लिहील.

सहा महिन्यांत पुस्तक सहा जणांकडे गेलं. उषाबाई म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांनी तिसऱ्या दिवशी लिहिलं, "एका बैठकीत संपवली. डोळ्यांतलं पाणी खळेना." बँकवाल्यानं लिहिलं, "भाषा नदीसारखी वाहते." एकानं लिहिलं, "प्रत्येकाच्या संग्रही असावं असं." फुलं, हात जोडलेले, टाळ्या. पुस्तक परत आलं की तुलाराम आधी गाठ सोडायचा आणि सरळ एकशे सातवं पान उघडायचा. कोरं.

"नसन ठाऊक बिचाऱ्यायले," असं तो सहा वेळा म्हणाला.

त्याच्याच आग्रहानं मी ग्रुपात गेलो होतो. सातव्या महिन्यात त्याच्या वाट्याला माझी चिठ्ठी निघाली. पुस्तक शेजारच्याच घरातून, तरीही कापडात बांधूनच आलं. मी सव्वीस दिवसांत वाचलं. शहाण्णवच्या पुढचं पान उलटलं तर समोर शाई, हाताचं अक्षर, वळणदार, दाबून लिहिलेलं. मी पुस्तक बंद केलं आणि पुन्हा उघडलं. मग वाचत गेलो, कोऱ्या पानापाशी आलो, पेन्सिलीची ओळ वाचली आणि उठून त्याच्या ओट्यावर गेलो.

"हे तुझं अक्षर होय?"

"हो."

"सहा जनायनं वाचलं. हातानं लिहिलेलं पाहून एकानं तरी काही म्हटलं?"

त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं.

"निळा दोरा दिसला, असं म्हटलं? कोरं पान हाये, असं म्हटलं?"

"पन उषाबाईच्या डोळ्यात पानी आलं, असं लिहिलं होतं ना."

बेबीबाई आतून म्हणाली, "कांदे कापत असन ते."

तुलाराम हसला नाही. त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, फडक्यात बांधलं. त्याला तेव्हा समजलं. त्याचा चेहरा पाहून मला शिसारी आली, त्याची नाही, त्या साठ जणांची. मी चौतीस वर्षं पोती वाहिली आहेत. कामचोर मी पाहिले आहेत. पण कामचोर हमाल निदान लपून बसतो. न उचललेल्या पोत्याखाली उभा राहून घाम पुसत नाही.

मिलमध्ये धान घेताना परखी मारतात. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी, ती पोत्यात मधोमध खुपसली की आतला माल हातावर येतो. कारण पोत्याच्या तोंडाशी माल सगळेच चांगला भरतात. मी त्या दिवशी ग्रुपवर परखी मारली. एकच ओळ लिहिली: "ज्यांनी तुलारामभाऊंचं पुस्तक वाचलं त्यांनी सांगावं, शहाण्णवाव्या पानानंतर तुम्हाला काय दिसलं?"

उत्तरं आली, तीही लगेच.

"निसर्गवर्णन अप्रतिम."

"तिथून कथानक वेग घेतं."

उषाबाईंनी लिहिलं, "शब्दांत सांगता येणार नाही." हे एकच खरं होतं.

मग भूपेश सरांचं आलं, लांबलचक. "सोमाजीभाऊ, फारच मार्मिक प्रश्न! तिथेच तर या कादंबरीचा आत्मा आहे. मी ती तीनदा वाचली आहे. माझ्या संग्रहात तिची दुर्मीळ प्रत आहे." खाली टाळ्या. त्याच दिवशी त्यांनी एक नवा नियमही टाकला की एकच पुस्तक पुन्हा पुन्हा सुचवू नये, त्यानं खेळाची रंगत जाते.

मी तुलारामला ते वाचून दाखवलं. मला वाटलं तो शिव्या देईल. तो उभा राहिला.

"त्यायच्या जवळ प्रत हाये!"

"अरे, पन खोटं बोलून राहिला तो."

"प्रत खोटी थोडीच राहीन. चाल."

दुसऱ्या दिवशी दोघं पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो. भूपेश सरांचं घर मोठं. बैठकीत काचेचं कपाट, खालपासून वरपर्यंत पुस्तकं. त्यांचा ग्रुपवरचा फोटो याच कपाटासमोरचा आहे.

"या या, वाचनवीर!" सर म्हणाले. "आज इकडे कसं काय, काका?"

"ते पुस्तक पाह्याचं होतं जी. एकच पान."

"एकच कशाला? बसा, चहा घ्या."

कपाटाची किल्ली सापडायला वेळ लागला. एक ड्रॉवर, दुसरा ड्रॉवर, मग बायकोला हाक. शेवटी ती फ्रिजवरच्या डब्यात निघाली. पुस्तक वरच्या फळीवर होतं. तुलारामनं हात धोतराला पुसून ते घेतलं. उघडलं तर पाठ कुरकुरली, नव्या चपलेसारखी. तो पानं उलटत गेला आणि मधे थांबला.

जुन्या लहान छापखान्यात कागद घडी करून शिवायचे आणि मग कडा कापायचे. कधी कापणारा चुकला तर मधली काही पानं वरून जोडलेलीच राहायची. वाचणारा सुरी घेऊन ती फोडायचा. या प्रतीत सत्त्याण्णवपासून पुढची पानं जोडलेली होती. सर ज्याला आत्मा म्हणाले तो असा बंद होता. चिकटवलेल्या पाकिटासारखा. कुणी बोटही घातलं नव्हतं. तीनदा वाचली म्हणे.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी चहाकडे पाहिलं.

"ही... ही मी नंतर घेतलेली प्रत. जुनी कुणीतरी नेली वाचायला. लोक परत करत नाहीत हो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तुलाराम म्हणाला, "सर, कापू का? सुरी हाये माझ्याजवळ."

खिशातून त्यानं जाळं कापायची सुरी काढली. तिला मासोळीचा वास येत होता. सरांच्या बायकोनं पदर नाकाला लावला.

"जपून हं काका," सर म्हणाले. "दुर्मीळ आहे."

तुलारामनं घड्या फोडल्या. एवढ्या हळू की कागदाचा एक तंतू निघाला नाही. एकशे सातवर बोट ठेवलं आणि ओठ हलायला लागले. दोन पानांना त्याला पंधरा मिनिटं लागली. मग पिशवीतून त्यानं स्वतःचं पुस्तक आणि पेन काढलं आणि कोऱ्या पानावर उतरवायला बसला.

"अहो काका, फोटो काढून पाठवतो ना मी. कशाला त्रास?"

"फोटोत बारीक दिसते जी. लिहू द्या."

दीड तास लागला. सर दोनदा आत जाऊन आले, एकदा घड्याळ पाहिलं, एकदा फोन समोर धरून काहीतरी केलं. मी चहा प्यायलो नाही. त्या घरातलं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

पुलावर आल्यावर मी विचारलं, "काय हाये त्या पानावर?"

"काही नाई."

"काही नाई म्हंजे?"

"मोठा नावेत उतरते. नावेत पानी भरून राहिलं. मोठा म्हनते, डावीकडं दाब. धाकटा डावीकडं दाबते. मोठा पानी उपसते. काठ येते. घरी जाते. बस."

"माफी?"

"कोनंच नाई मांगतली." तो कठड्याला टेकून थांबला. खाली पाणी संथ होतं. "मी समजलो होतो, काहीतरी मोठं बोलले असन. तसं आपल्याले सुचत नाई, म्हनून पुस्तकात पाहून घेऊ. अन् हे पाहा. डावीकडं दाब."

तो नाराज होता. पण पेन्सिलीची ओळ त्यानं खोडली होती.

घरी पोचलो तर ग्रुपवर फोटो आलेला. तुलाराम खाली मान घालून लिहितो आहे, मागे कपाट, आणि कडेला भूपेश सर, हसत. खाली लिहिलेलं: "माझ्या संग्रहातील दुर्मीळ प्रत एका सामान्य वाचकास उपलब्ध करून देताना. ज्ञानतृष्णेला वय नसते!" त्रेचाळीस टाळ्या. उषाबाईंच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. कचऱ्याच्या ढिगावर पाय पडल्यावर होतं तसं मला झालं. मी ग्रुपातून निघालो. जाताना लिहिलं, "सरांच्या प्रतीची पानं आज पहिल्यांदा फोडली. मी समोर होतो." रंजूनं नंतर सांगितलं की ती ओळ सरांनी पाच मिनिटांत काढून टाकली आणि त्या जागी सूर्यफुलाचा फोटो टाकला.

तुलारामनं मला चार दिवसांनी बोलावलं. पुस्तक कापडात बांधलेलं होतं.

"हे श्रावनले देऊन ये."

"तू दे ना. तीन घरं हायेत."

"तू दे. अन् त्याले सांग, हा खेळ नोहे. घाई नाई. पन वाचल्याबिगर वापस देशील तर नको देऊ."

मी गेलो. श्रावण अंगणात जाळ्याच्या काठाला शिसे, म्हणजे वजनाचे मणी, बसवत होता. तो सातवी शिकला आहे, पण शाळा सुटल्यावर पुस्तक हातात धरलेलं नाही.

"कायचं होय हे? दादानं पाठवलं?"

"वाच."

"माझा हिसाब लिहिला का याच्यात? डोंग्याचा?"

"वाच. घाई नाई म्हने तो. मग मले सांग."

त्यानं पुस्तक घेतलं, दाराच्या चौकटीच्या वर खोचलं आणि पुन्हा शिसे बसवायला लागला. मला वाटलं, गेलं. न वाचणारा सातवा माणूस.

दीड महिना मी विचारलं नाही. मग एक दिवस सकाळी त्याच्या घरावरून जाताना हाक मारली.

"श्रावण, झालं का गा पुस्तक?"

"नाई झालं. कायले मांगून राहिला? घाई नाई म्हने ना."

"कोनत्या पानावर हायेस?"

तो आत जाऊन घेऊन आला. चौऱ्याऐंशीव्या पानावर खूण म्हणून माशाचं खवलं ठेवलं होतं, रुपयाएवढं, वाळलेलं. आधीच्या पानांच्या कडा त्याच्या बोटांनी मळल्या होत्या. मी एक एक पाहिल्या. एकही स्वच्छ नव्हती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पुढचं मी वाचलं नाई अजून. पन मधात कागद शिवले हायेत ते बाहेरूनच दिसते. दोरा आपल्या जाळ्याचा होय. दादानं शिवले?"

"हो."

"मंग त्याले सांग, खालची एक गाठ सैल हाये. पानं निघून जातीन."

मी तिथून सरळ तुलारामच्या ओट्यावर आलो. दुसऱ्या एका पुस्तकाची त्याची चार पानं चालली होती. मी थांबलो. दोऱ्याचा तुकडा ठेवून त्यानं पुस्तक मिटलं, तेव्हा सांगितलं. चौऱ्याऐंशीवं पान सांगितलं, खवलं सांगितलं, आणि गाठीचं सांगितलं.

पहिल्या दोन गोष्टींवर त्यानं नुसती मान हलवली. तिसरीवर त्याचे कान लाल झाले.

"माझी गाठ? सैल?"

"तो म्हनते."

"पन्नास वर्षं झाले मले गाठ मारून. त्या पोट्ट्यानं मले गाठ शिकवाव?" पोट्टा म्हणजे श्रावण, वय अठ्ठावन्न.

तो उठला. चपला घातल्या नाहीत. बेबीबाई टोपली खाली ठेवून पाहत राहिली. तो एक घर गेला, दुसरं गेलं, तिसऱ्याच्या अंगणात शिरला. मी ओट्यावरच बसलो. तिथवर सगळं ऐकू येत होतं.

"कोनती? कोनती सैल? दाखव."

"हे पाह ना."

"हे सैल होय? हे?"

"ओढून पाह."

तुलारामनं दोरा ओढून पाहिला असावा.

"सुई आन," तुलाराम म्हणाला. "अन् खाली धर. असं नाई. घट धर."